दहात सहा

मशीनच्या पडद्यावरची रेष छत्तिसाव्या फेरीला हलली आणि हळूहळू वर चढायला लागली. सोमवारच्या नमुन्यात ती अडतिसाव्या फेरीला चढली होती. आज गुरुवार होता.

ती उठली. हातमोजे बदलले, टेबल पुसून काढलं, त्याच बाटलीतलं पाणी पुन्हा घेतलं, शेजारच्या खाचेत साधं शुद्ध पाणी ठेवलं आणि चाचणी पहिल्यापासून लावली. मशीनला दोन तास लागायचे. त्या दोन तासांत तिने तीन वेळा चहा ओतून घेतला आणि तिन्ही वेळा कप तसाच ठेवून खिडकीशी जाऊन आली. शेवटी शुद्ध पाण्याची रेष जमिनीला टेकून राहिली आणि नमुन्याची रेष पुन्हा छत्तिसालाच उठली. म्हणजे या वेळी टेबल स्वच्छ होतं आणि हातही स्वच्छ होते.

सांडपाण्यात रोग शोधणं हे तिचं काम. मोठी साथ ओसरल्यावर शहराच्या आरोग्य खात्याने ते सुरू केलं होतं. पुढची साथ आलीच तर ती दवाखान्याच्या दारात पोचण्याआधी कळावी, एवढाच त्यामागचा हिशोब. आजारी माणूस लपतो, गटार लपत नाही. आठवड्यातून दोनदा ती खात्याच्या गाडीतून ड्रायव्हरकाकांबरोबर फिरायची, लोखंडी आकड्याने झाकणं उचलायची आणि दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची. रस्त्यावरच्या पोरांनी तिचं नाव गटारताई ठेवलं होतं. हळूहळू खात्यातही तेच रूढ झालं. ‘नावात काय वास येतो का?’ असं ती म्हणायची आणि हसून सोडून द्यायची.

रेष जितक्या कमी फेऱ्यांत चढेल, तितका पाण्यात विषाणू जास्त. छत्तीस म्हणजे फार नव्हता, पण सोमवारपेक्षा जास्त होता. आणि विषाणूही साधा नव्हता. मागच्या साथीच्या विषाणूचाच हा चुलतभाऊ. मोठ्यांना सर्दीवर सोडून द्यायचा, पण पाच वर्षांखालच्या मुलांना आधी जुलाब, मग ताप आणि काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाप. दूरच्या दोन शहरांत त्याने मुलांचे वॉर्ड भरून टाकले होते.

बाटलीवरच्या चिठ्ठीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, झाकण क्रमांक चौदा. चौदा नंबर म्हणजे तिच्या दादाच्या सलूनमागचं झाकण. खाली सलून, वरच्या मजल्यावर घर आणि घराच्या पुढच्या खोलीत वहिनीचं पाळणाघर. अकरा मुलं.

दादा तिच्याशी वर्षभर बोललेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच गल्लीचा नमुना बाधित निघाला होता. खात्याने तासाभरात गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले आणि अठरा दिवस कुणाला आत-बाहेर करू दिलं नाही. त्या दिवसांत पलीकडच्या रस्त्यावर राहणारी वहिनीची आई गेली. तिला रोगबिग काही नव्हता, म्हातारपणानेच गेली. वहिनीला जाऊ दिलं नाही. तिने पत्र्याच्या फटीतून आईला नेताना पाहिलं, तेही गर्दीत नीट दिसलं नाही. गल्लीत मात्र कुणीच आजारी पडलं नाही. एका सकाळी माणसं आली, पत्रे काढून ट्रकमध्ये टाकले आणि निघून गेली. चूक झाली होती, हे कुणी सांगितलं नाही.

दादाने बहिणीला जेवायला बोलावून विचारलं होतं, “नेमकं झालं काय गं?”

ती त्याच्यासमोर बसून म्हणाली होती, “मला माहीत नाही, दादा.”

वर्षभराने ड्रायव्हरकाकांच्या तोंडून निघून गेलं, की तिला सगळं माहीत होतं. त्यानंतर दादाने दार बंद केलं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ती आकडे घेऊन मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. मोठ्या मॅडम म्हणजे शहराच्या आरोग्य अधिकारी. बुटक्या, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलता बोलता पेनाचं टोपण काढघाल करायची सवय.

“बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठव,” मॅडम म्हणाल्या. “त्यांचा शिक्का येईपर्यंत तोंडातून शब्द बाहेर काढायचा नाही. नियम आहे.”

“पाच दिवस लागतील.”

“लागू देत.”

“मॅडम, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये त्या भागातल्या मुलांचे खेळ आहेत. शंभर-सव्वाशे मुलं एका छताखाली येतील. आपण बुधवारी सांगितलं तर काय उपयोग? वरातीमागून घोडं.”

“आणि आज सांगितलं आणि खोटं निघालं तर?” मॅडमनी टोपण टेबलावर आपटलं. “मागच्या वेळी सही माझी होती, तुझी नव्हती. हा नियम आपल्याच चुकीतून झालाय. ‘बहुतेक रोग आलाय’ असं पत्रक आजवर कुठल्या खात्याने काढलंय का? लोक म्हणतील, यांनाच माहीत नाही, आणि आम्हाला शिकवायला निघाले.”

“म्हणू देत ना. खरंच आहे ते.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “तुझ्या भावाच्या घरात मुलं आहेत, म्हणून तुझा जीव वरखाली होतोय.”

“होतोय,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर कमी झाला असता, ही माझी लाज. पण रेष तेवढीच चढली असती.”

मॅडमनी आकड्यांचा कागद तिच्याकडे परत सरकवला. बैठक तिथेच संपली.

शुक्रवारी तिचं कशात लक्ष लागेना. बाटल्या धुतल्या, परत धुतल्या. फोन काढून दादाचा नंबर पाहिला आणि ठेवून दिला. फोनवर तो उचलणार नव्हताच. दुपारी तीनला ती ड्रायव्हरकाकांना म्हणाली, “काका, सलूनला सोडा मला.”

“नमुना घ्यायचाय?”

“नाही. तोंड दाखवायचंय.”

काकांनी गाडी काढली. सबंध रस्ताभर ते एकदाच बोलले. “तेव्हा माझी जीभ घसरली, त्याचं वाईट वाटतं मला.”

“तुमची घसरली, माझी अडकली,” ती म्हणाली. “दोन्हीचं पाप माझंच.”

सलूनमध्ये दादा एका लठ्ठ माणसाची दाढी करत होता. बाकावर दोघं थांबले होते, एक निवृत्त पोस्टमन आणि एक रंगारी. दार उघडल्यावर दादाने आरशातूनच तिला पाहिलं. हातातला वस्तरा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

“बायकांचं पार्लर पुढच्या चौकात आहे,” तो म्हणाला.

पोस्टमन फिसकन हसला आणि कुणीच साथ देत नाही हे पाहून गप्प झाला.

“दादा, दोन गोष्टी सांगायच्यात. ऐकून मग हाकल. पहिली जुनी आहे.” तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो उलट मोठाच निघाला. “मागच्या वेळी या गल्लीत रोग नव्हता. दोन नमुने टेबलावर एकमेकांत मिसळले होते. टेबलावर काम मीच करत होते. तू विचारलंस तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले.”

लठ्ठ माणसाने अर्ध्या साबणासकट मान वळवली. दादाने दोन बोटांनी ती परत सरळ केली.

“दुसरी?” तो म्हणाला.

“दुसरी आजची. मागच्या झाकणात पुन्हा काहीतरी दिसतंय. लहान मुलांना होणारा रोग आहे. सोमवारी दिसला, काल जास्त दिसला. टेबल मी या वेळी चारदा पुसलंय. तरी खात्री नाही.”

“खात्री नाही, मग आलीस कशाला?”

“खात्री होईपर्यंत रविवार निघून जाईल.”

दादाने वस्तरा पुसला. “किती वाटते? आकड्यात सांग. तुमचं सगळं आकड्यातच चालतं ना?”

तिने विचार केला. “दहात सहा.”

“आणि उरलेले चार?”

“चार निघाले तर मी इथेच येऊन परत माफी मागेन.”

“माफीवर दाढी होत नाही,” रंगारी बाकावरून म्हणाला. “परत पत्रे ठोकणार का, तेवढं बोला.”

ती उत्तर देणार तोच आतल्या जिन्यावरून वहिनी खाली आली. कडेवर वर्षा-दीड वर्षाची एक मुलगी होती, पाळणाघरातली. खालचं बोलणं वर ऐकू गेलं असावं. वहिनीने नणंदेकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहत विचारलं, “त्या रोगात मुलांना काय होतं?”

“आधी जुलाब. पाण्यासारखे, हिरवट. मग ताप. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात, वहिनी. पण काहींना तिसऱ्या दिवसापासून धाप लागते. त्यांना वेळेत ऑक्सिजन मिळाला तर तीही बरी होतात.”

वहिनीने कडेवरच्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. “मंगळवारपासून माझ्या दोघांना हिरवट जुलाब होतायत. ही त्यातली एक.”

बाकावरचा पोस्टमन सावरून बसला.

“मंगळवारपासून?” ती म्हणाली. “दवाखान्यात नाही दाखवलं?”

“हिच्या आईला मीच म्हटलं, दोन दिवस थांब. दवाखान्यात दाखवलं की नोंद होते. नोंद झाली की पत्रे येतात.” आता वहिनीने तिच्याकडे पाहिलं. “चुकलं असेल माझं. पण तुम्हीच शिकवलंत.”

सोमवारपासून गटारताई रेषेकडे पाहत होती. रेषेचं उत्तर इथे जिन्यावर, एका मुलीच्या लंगोटात होतं, आणि ते कुणी तिला सांगणार नव्हतं. का सांगावं?

“वहिनी, मुलांचे लंगोट द्याल का मला तपासायला? दोन तासांत कळेल. मग दहात सहा नाही, पक्कं सांगेन.”

“देईन. आधी शब्द दे. पत्रे नाहीत.”

“तो शब्द माझ्या हातात नाही.”

“ज्यांच्या हातात आहे त्यांना बोलव.”

तिने तिथूनच फोन लावला. मोठ्या मॅडम आधी तीन मिनिटं ओरडल्या. नियम मोडलास, खात्याची अब्रू वेशीला टांगलीस, उद्यापासून घरी बस. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “दोन मुलं आजारी आहेत, मॅडम. आपल्या भीतीने लपवलेली. तुम्ही याल का?”

पलीकडून टोपणाचा खटखट आवाज आला. मग फोन बंद झाला.

अर्ध्या तासाने मॅडम आल्या, एकट्याच. तोवर बातमी पसरून सलूनच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली होती. बाक भरलेला होता. लठ्ठ माणूस दाढी होऊनही उठायला तयार नव्हता, दादाने त्याला खांदा धरून उठवलं. मॅडमना रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीतच बसावं लागलं, आरशासमोर, पाठीमागच्या सगळ्यांचे चेहरे समोर दिसत असताना.

वहिनीने एकच प्रश्न विचारला. “मागच्या वेळची चूक तुम्हाला कळली कधी?”

गटारताईने डोळे मिटले. तिला उत्तर माहीत होतं, आणि मॅडम ते देणार नाहीत असं तिला वाटत होतं.

“आठव्या दिवशी,” मॅडम म्हणाल्या.

“पत्रे अठराव्या दिवशी निघाले.”

“हो. मधले दहा दिवस आम्ही बैठका घेत होतो. लोकांना सांगायचं कसं, यावर. शेवटी सांगायचंच नाही असं ठरलं. सही माझी होती.”

“माझी आई अकराव्या दिवशी गेली,” वहिनी म्हणाली.

मॅडमनी मान खाली घातली. दारातून कुणीतरी शिवी हासडली. दादाने त्या दिशेने नुसता हात वर केला.

वहिनी मुलीला घेऊन वर निघून गेली. पायऱ्या संपेपर्यंत तिच्या पावलांचा आवाज येत राहिला. मग वरचं दार लागलं. सगळ्यांना वाटलं, झालं, संपला विषय. रंगारी उठून चपला शोधू लागला. दादा वस्तरा पाण्यात बुडवून ठेवत होता, काढत होता, परत ठेवत होता. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील.

वरचं दार उघडलं. वहिनी खाली आली. तिच्या हातात गाठ मारलेल्या दोन पिशव्या होत्या आणि डोळे लाल होते.

“हे घ्या,” ती मॅडमना म्हणाली. “तुमच्यासाठी नाही देत. आणि पत्रे नाहीत हे लिहून द्या. बोललेलं वाऱ्यावर जातं.”

दादाने भिंतीवरचं दरपत्रक काढलं आणि उलटं करून मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी पेन काढलं. टोपण कुठेतरी खाली घरंगळलं, त्यांनी उचललं नाही. वरच्या बाजूला त्यांनी लिहिलं, आम्हाला काय माहीत आहे. खाली लिहिलं, काय माहीत नाही. मग लिहिलं की गल्ली बंद होणार नाही, आजारी मुलांना दवाखान्याची गाडी घरून घेऊन जाईल आणि घरी सोडेल, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता नवी माहिती इथेच लागेल, चांगली असो की वाईट. सही केली. निवृत्त पोस्टमनने अक्षर वाचता येत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा गटारताईने खाली स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलं. दादाने तो कागद दाराच्या काचेला चिकटवला.

दोन तासांत मशीनने सांगितलं. दोन्ही पिशव्यांत तोच विषाणू होता, आणि या वेळी रेष बाविसाव्या फेरीलाच उठली.

दादाने शाळेला गाठून रविवारचे खेळ पुढे ढकलायला लावले. तो दारोदार हिंडला आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाला, “बहिणीने सांगितलंय, आणि या वेळी तिने काय माहीत नाही तेही सांगितलंय.” काहींनी ऐकलं. एका घराने त्याच्या तोंडावर दार लावलं. दुसरं एक कुटुंब शनिवारी सकाळीच सामान बांधून नातेवाइकांकडे निघून गेलं. ते रोग बरोबर घेऊन गेले की नाही, हे कधीच कळलं नाही आणि गटारताईला ते पुढे कित्येक दिवस डाचत राहिलं.

आठवड्याभरात गल्लीतली नऊ मुलं आजारी पडली. वहिनीच्या कडेवरच्या मुलीला शनिवारी धाप लागली. गाडी दारात होती, वीस मिनिटांत तिला ऑक्सिजन लागला. दोन दिवस तिची आई, वहिनी आणि गटारताई दवाखान्याच्या बाकावर आळीपाळीने बसल्या. दोन दिवसांत वहिनी नणंदेशी जेमतेम चार वाक्यं बोलली, त्यातलं एक होतं, “तू काही खाल्लंस का?” तिसऱ्या दिवशी मुलीने नाकातली नळी ओढून काढली आणि भोकाड पसरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता न्या घरी.

काचेवर रोज कागद लागत होता. चौथ्या दिवशी गटारताईने आजारी मुलांचा आकडा आठ लिहिला, होती सात. दुसऱ्या दिवशी तिने आठावर काट मारली, शेजारी सात लिहिलं आणि खाली लिहिलं, काल माझी मोजण्यात चूक झाली. मॅडमना ते आवडलं नाही, नवा कागद लाव म्हणाल्या. तिने लावला नाही. गल्लीतल्या माणसांनी त्या खाडाखोडीसमोर उभं राहून तिची यथेच्छ टिंगल केली. ‘गटारताईचं गणित कच्चं’ असं पोरं ओरडायची. पण त्या दिवसानंतर दोघी जणी स्वतःहून सांगायला आल्या, की आमच्याही घरात जुलाब आहेत, पाठवा गाडी.

बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का बुधवारी आला. त्याआधीच मॅडमना वरून पत्र आलं होतं, नियम मोडून माहिती दिल्याबद्दल खुलासा करा म्हणून. त्यांनी चार ओळींत खुलासा पाठवला. चौकशी अजून चालू आहे आणि तिचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. वहिनीने मॅडमना माफ केलेलं नाही. मॅडम सलूनवरून जातात तेव्हा ती वरच्या खिडकीतून पाहते आणि खिडकी लावतही नाही, हाकही मारत नाही.

तीन आठवड्यांनी चौदा नंबरच्या झाकणातली रेष खाली बसली. त्या संध्याकाळी दाढीच्या खुर्चीत लठ्ठ माणूस होता. तो म्हणाला, “नऊच तर पोरं. एवढ्यासाठी सगळं गाव डोक्यावर घेतलंत. काही केलं नसतं तरी तेवढीच पडली असती.”

“पडली असती कदाचित,” गटारताई म्हणाली. “कदाचित नव्वद पडली असती. ते मलाही सिद्ध करता येणार नाही.”

“मान खाली,” दादा त्याला म्हणाला. “वस्तरा आहे हातात.”

मग बहिणीकडे वळून म्हणाला, “जेवून जा.”

पण तिला थांबता येणार नव्हतं. सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका झाकणातली रेष सदतिसाव्या फेरीला हलली होती. त्या भागात तिचा भाऊ नव्हता, वहिनी नव्हती, तिला गटारताई म्हणणारं पोरही नव्हतं. मोठ्या मॅडमनी या वेळी बाहेरच्या शिक्क्यासाठी थांबवलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या होत्या, “जा. काय माहीत नाही ते आधी सांग.”

ड्रायव्हरकाकांनी तिला एका लाँड्रीपाशी सोडलं, कारण आसपास तेवढं एकच दुकान उघडं होतं. लाँड्रीवाल्याने तिच्या गळ्यातलं खात्याचं ओळखपत्र वाचलं, हातातली इस्त्री उभी ठेवली आणि शटर निम्म्यापर्यंत खाली ओढलं. ती वाकली नाही. बाहेर उभी राहूनच, आत दिसणाऱ्या त्याच्या पायांशी बोलावं तशी बोलायला लागली. तिचं तिलाच हसू आलं, पण ती थांबली नाही. मागच्या वेळचं आधी सांगितलं, मग आजचं.

“किती वाटतंय?” शेवटी आवाज आला.

“दहात पाच,” ती म्हणाली.

पाय तिथेच उभे होते. शटर वर गेलं नाही, आणि आणखी खालीही आलं नाही.

“बोला पुढे,” तो म्हणाला.